बरणीतली हार्ड डिस्क

घरी जोडायच्या संगणकासाठी हार्ड डिस्क कोणती निवडावी, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी बसले होते. प्रश्न माझा नव्हता. माझ्या व्याह्यांचा होता. मी आयुष्यभर मालवणात शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे, ज्या वस्तूला तार जोडलेली असते तिची सगळी जबाबदारी माझ्यावर येते, अशी आमच्या सोयरिकीत समजूत आहे. उत्तर मला मिळाले आणि ते मी पुढे देणारही आहे. परंतु आधी प्रश्न विचारणाऱ्या माणसाची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस विजयदुर्गापासून दोडामार्गापर्यंत दुसरा नाही, आणि त्यांच्याइतक्या शिस्तीने भिणारा तर बहुधा जगातच नसावा. सामान्य माणूस संकट आले की भितो. व्याही ते यायच्या आत भिऊन घेतात, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. त्यांच्या खिशात एक विजेरी असते, आणि ती पेटते की नाही हे अंधारात पाहता यावे म्हणून दुसरी असते. गोव्याच्या बाजूला ढग दिसला की त्यांच्या घराचा मेन स्विच खाली येतो. खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात म्हणून ते दर सोमवारी साऱ्या दारांना खोबरेल तेल पाजतात, आणि मग तेलाने मुंग्या येतील या भीतीने मंगळवारी ते पुसून काढतात. समुद्राच्या इतक्या जवळ जन्मून ते एकदाच होडीत बसले. बसण्यापूर्वी त्यांनी होडी हाकणाऱ्या तांडेलाला विचारले होते, "हिच्या मागसून दुसरी होडी येतली मां?"

या स्वभावाला नोकरीने खतपाणी घातले. एस.टी.च्या आगारात ते भांडारपाल होते. म्हणजे जी वस्तू मोडेल तिच्या जागी लावायची दुसरी वस्तू आधीच कपाटात ठेवणे हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर कपाट आगारात राहिले, पण सवय घरी आली. सोयरिकीच्या बोलणीला ते आमच्याकडे प्रथम आले, तेव्हा मुलीचे शिक्षण, नोकरी, पत्रिका यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. चहाची बशी खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमच्या घराक अर्थिंग आसा?" मी आहे म्हटले. तेव्हा त्यांनी आपल्या पत्नीकडे पाहून मान हलवली आणि सोयरीक ठरली. लग्नाच्या दिवशी मंडपात पुढच्या रांगेत एक भटजी नुसतेच बसलेले दिसले. मी चौकशी केली, तर व्याही माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "ते स्पेअर आसत. मंत्र म्हणताना पयल्याचो आवाज बसलो तर?" पहिल्याचा आवाज अखेरपर्यंत खणखणीत राहिला, स्पेअर भटजी पोटभर जेवले, आणि माझी विहीण, म्हणजे त्यांची पत्नी, माझ्या पानात वडे वाढता वाढता म्हणाली, "विहीणबाई, नशीब समजा. ह्येंनी नवरो एकच आणल्यानी."

आता त्यांच्या एका भीतीबद्दल मला हसता येत नाही. त्यांचे घर मालवणच्या दक्षिणेला, पुढे समुद्र आणि मागे खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर आहे. ती पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी कमी होते. समुद्र वाळू नेतो, मग माडांची मुळे उघडी पडतात, मग एखाद्या सकाळी माड आडवा झालेला असतो आणि त्याचा शेंडा पाण्यात लोळत असतो. व्याह्यांच्या वडिलांनी अंगणापुढे माडांच्या रांगा लावल्या होत्या. पहिली रांग गेली तेव्हा वडील सरकारी कचेरीत सांगायला गेले. तिथे त्यांना नकाशा दाखवण्यात आला. नकाशात जमीन होती तेवढीच होती. तेव्हापासून, दर नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ देऊन घरी आले की व्याही ओसरीच्या खालच्या पायरीवर उभे राहून समोरचा एक फोटो काढतात. जागा तीच, उंची तीच, वेळ दुपारची. पूर्वी रिळाचा कॅमेरा होता, पुढे साधा डिजिटल आला, आता फोन आहे. कागदावरच्या जुन्या फोटोंना दमट हवेने बुरशी लागू लागली, तेव्हा त्यांनी ते सगळे संगणकात उतरवून घेतले. पुढे बुरशीने कागद पूर्ण खाल्ले. अशा रीतीने त्यांच्या वडिलांची जमीन जगात दोनच ठिकाणी उरली होती: समुद्राच्या तळाशी, आणि एका जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये.

आणि ती हार्ड डिस्क एके दिवशी वाजू लागली.

मला त्यांनी फोनवरच आवाज ऐकवला. टक. थोडी शांतता. पुन्हा टक, टक. जिभेने तोंडातल्या तोंडात नापसंती दाखवावी तसा तो आवाज होता. मी त्यांना वर्गात सांगावे तसे सांगितले की, जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या अतिशय वेगाने फिरत असतात. त्यांच्यावर एक बारीक दांडा तरंगत असतो, आणि तो व तबकडी यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर असते. तो दांडा आपली जागा चुकू लागला की असा आवाज येतो.  मग व्याही अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ही पण धूपच झाली, बाई."

त्याच सुमारास पट्टीवर धूपप्रतिबंधक बंधारा घालण्याची गोष्ट पुन्हा निघाली होती. दगड सगळीकडे एकदम पडणार नव्हते. जिथे सर्वांत जास्त जमीन गेली आहे असे सिद्ध होईल तिथे ते आधी पडणार होते, आणि पावसाळा संपल्यावर एक अभियंता पाहणीला येणार होता. तोंडी सांगणे पुरावा म्हणून चालणार नाही, हे ग्रामपंचायतीने सर्वांना बजावले होते. व्याह्यांच्या ओसरीपुढे आता माडांची एकच रांग उरली होती. हे नीट लक्षात ठेवावे, कारण यापुढे मी जे हास्यास्पद प्रकार सांगणार आहे, त्यांच्या मागे ती रांग उभी आहे. ते घर आता माझ्या मुलीचेही आहे.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी मिळेल ती डिस्क आणून फोटो उतरवून घेतले असते. व्याह्यांनी त्याऐवजी संपूर्ण नवा संगणक स्वतः जोडायचे ठरवले. तयार घेतला तर आत कोणी काय घातले आहे ते कळत नाही, हे त्यांचे कारण. मग सुटे भाग येऊ लागले. डबा आला, मदरबोर्ड आला, वीजपुरवठ्याचा खोका आला, आणि त्याबरोबर त्याचा स्पेअर खोकाही आला. हे सारे विहिणीच्या पापडांच्या पत्र्याच्या डब्यांत, झाकणांना मेण लावून ठेवले गेले. "माझे पापड खंय ठेवू?" असे तिने विचारले तेव्हा तिला उत्तर मिळाले की पापड कुठेही मिळतात. फक्त हार्ड डिस्क तेवढी यायची राहिली, कारण ती निवडायची होती, आणि निवडायची म्हणजे प्रत्येकीला पुरेसे भिऊन घ्यायचे होते.

फिरत्या तबकडीच्या डिस्कला ते धक्क्यामुळे भीत. अंगणात नारळ पडला तरी जमीन हादरते, असे त्यांचे निरीक्षण होते. मी म्हटले, मग एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारे काहीच नसते, धक्क्याचे भय नाही, वेगही पुष्कळ. ते खूश झाले, पण रात्रभरच. सकाळी फोन आला. "बाई, ती मरता तेव्हा आवाज करता?" मी प्रामाणिकपणे सांगितले की बहुधा करत नाही, एके दिवशी सरळ उत्तर देणे बंद करते. "मगे ती नको. खोकल्याशिवाय मरणाऱ्या माणसाचा माका भय वाटता." शिवाय वीज न देता तिला फार काळ कपाटात ठेवले तर ती हळूहळू विसरू शकते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि तेही खोटे नव्हते. मोठ्या आकाराच्या काही डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरलेला असतो, हे मी त्यांना सांगायलाच नको होते. "हेलियम म्हणजे जत्रेतल्या फुग्यातलो मां? तो फुगो दुसऱ्या दिवशी सुरकुतता!" कंपनीची पाच वर्षांची हमी वाचून त्यांनी दुकानदाराला विचारले की हमी डिस्कची आहे की फोटोंची. डिस्कची, असे उत्तर आले. तेव्हा व्याह्यांनी दुकानदाराकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मी डॉक्टरांच्या डोळ्यांतही क्वचित पाहिली आहे. इंटरनेटवर प्रत ठेवा, असे मी सुचवले, तर त्यांनी ते यंत्र नेमके कोणत्या गावात असते, त्या गावाला समुद्र आहे का, आणि तिथे मेन स्विच कोण पाहतो, असे विचारले.  आणि खरे सांगायचे तर, त्यांचा एकही प्रश्न चुकीचा नव्हता. एकेक प्रश्न बरोबर होता. सगळे मिळून मात्र महिने जात होते, आणि घरात ती जुनी डिस्क टकटकत होती.

शेवटी विहीण कंटाळून म्हणाली, "तुमका ठरवूक होना नाय, मगे देवीक विचारा." आमच्याकडे हा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे, पाषाणावर दोन बाजूंना पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचा वाद, लग्न, परदेशची नोकरी, यांचे कौल मी पाहिले होते. हार्ड डिस्कचा पहिलाच. गुरवाने व्याह्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि देवीला समजेल अशा भाषेत मांडले की, लेकराला जुने फोटो ठेवायला एक यंत्र घ्यायचे आहे, ते फिरणारे घ्यावे की काय. पुष्कळ वेळ काहीच झाले नाही. व्याह्यांच्या कपाळावर घाम जमला. मग उजवी पाकळी अलगद सुटली. मला वाटले, सुटलो. तोच व्याही पुढे वाकून म्हणाले, "आता कंपनी विचारा."

गुरवाने तबक खाली ठेवले. "देवीन सांगूचा ता सांगल्यान. आता तिका मॉडेल नंबर विचारूचो नाय."

व्याह्यांनी दोन डिस्क आणल्या. एक कुडाळहून, एक सावंतवाडीहून, म्हणजे दोन्ही एकाच गठ्ठ्यातल्या आणि एकाच रोगाच्या निघू नयेत. ही खबरदारी मला मनापासून आवडली. वैशाखातल्या एका कोरड्या दुपारी, जुन्या संगणकाला तारेने एकेक डिस्क जोडून, त्यांनी स्वतः फोटो उतरवले, आणि मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज आयुष्यात प्रथमच निर्धास्त होता. "बाई, नवीन डिस्क म्हणजे काय चीज आसा! पापणी लवची आधी सगळा भरला." मी विचारले, उघडून पाहिलेत का? "बघलंय मां! दोनय उघडून बघलंय. पयल्या फोटोपासून सगळे दिसतत." मी समाधानाने फोन ठेवला. एक डिस्क त्यांनी माझ्याकडे मालवणात आणून दिली; घरे दोन, प्रती दोन, असे आम्ही ठरवले होते. दुसरी त्यांच्याकडे राहिली.

आणि इथे ती गोष्ट घडली, जी आमच्या किनाऱ्यावरच घडू शकते. पावसाळ्यापूर्वी आमच्या घराघरांत बेगमी होते. सुकी मासळी, आमसुले, पापड, कुळीथ, सगळे कडक उन्हात वाळवून बरण्यांत भरायचे आणि तोंडाला फडके बांधायचे. एकदा पाऊस लागला की बेगमीची बरणी उगाच उघडायची नाही, हा नियम. दमट हवा एकदा आत गेली की आतल्या साऱ्याला वास येतो. व्याह्यांनी डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह चिनी मातीच्या बरणीत घातली, झाकण मेणाने बंद केले, आणि ती सुकटीच्या आणि आमसुलांच्या बरण्यांमध्ये फळीवर ठेवली. माझ्या डिस्कलाही त्यांनी अशीच बरणी दिली आणि बजावले, "दसऱ्यापर्यंत हात लावूचो नाय." मी हात लावला नाही. जुना संगणकही चादरीत गुंडाळून ठेवला गेला, कारण त्याला आता त्रास द्यायचे कारण उरले नव्हते.

त्या पावसाळ्यात समुद्र फार आत आला. माझी मुलगी आणि जावई पणजीला नोकरीला असतात, आठवड्याच्या शेवटी घरी येतात. मुलगी फोनवर सांगे की रात्री अंथरुणाला पाठ टेकली की लाट आपटल्याचे जमिनीतून कळते. उरलेल्या रांगेतला एक माड श्रावणात पडला. मी तेव्हा गेले होते. व्याही पडलेल्या माडाजवळ उभे होते. विजेऱ्या दोन्ही खिशांत, आणि हात मोकळे लोंबकळत. इतर वेळी दहा गोष्टींना भिणारा हा माणूस त्या दिवशी एकाच गोष्टीला भीत होता.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. अभियंता उद्या येणार, असा निरोप आला, आणि मी माझी बरणी पिशवीत घालून सकाळच्याच एस.टी.ने त्यांच्याकडे गेले. पापडांचे डबे उघडले. व्याह्यांनी जोडणी फार सुंदर केली. प्रत्येक स्क्रू पुसून, प्रत्येक तार बांधून. जावयाने प्रणाली घालून दिलेल्या एका छोट्या एसएसडीवर संगणक सुरू झाला. त्यांनी आपल्या बरणीतली डिस्क काढली, आणि खोलीभर सुकटीचा मंद दरवळ पसरला. "नातवंडा विचारतली, समुद्राच्या फोटोंक वास कसो काय येता," विहीण दारातून म्हणाली. डिस्क जोडली. पडद्यावर एकच पिवळी घडी, म्हणजे फोल्डर, दिसली, खाली नाव: 'माड'. व्याह्यांनी ती उघडायला दोनदा टिचकी मारली.

संगणकाने नम्रपणे कळवले की अशी कोणतीही वस्तू त्याला सापडत नाही.

मी चष्मा वर करून पाहिले. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. ती घडी नव्हती. ती घडीकडे जाणारी पाटी होती, शॉर्टकट म्हणतात तो. व्याह्यांनी जुन्या संगणकाच्या पडद्यावरची पाटी उचलून नव्या डिस्कमध्ये ठेवली होती. फोटो जिथे होते तिथेच राहिले होते. म्हणून तर पापणी लवायच्या आत सगळे भरले. आणि त्याच संगणकावर उघडून पाहिल्यामुळे ती पाटी त्यांना इमानेइतबारे जुन्या डिस्ककडेच घेऊन गेली, आणि पहिल्या फोटोपासून सगळे दिसले. मी माझ्या बरणीचे मेण फोडले. तिच्यातही पाटीच होती. साऱ्या पावसाळ्यात आम्ही दोन घरांत, मेण लावून, दोन बाण सांभाळले होते.

हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत समजावले. मला वाटले, ते कोसळतील. पण झाले उलटे. ते उठले, चादर सोडून जुना संगणक टेबलावर आणला, तारेने नव्याला जोडला, आणि म्हणाले, "बाई, ह्येका आता एकदाच चालू करूक गावतलो. आधी काय घेवचा ता सांगा." आवाजात कंप नव्हता.  मी म्हटले, "ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी. सर्वांत जुन्यापासून सुरुवात. आणि सगळे एकदम नाही. वर्षावर्षाने, प्रत्येक वर्ष पलीकडे पोचल्याचे पाहून मग पुढचे." त्यांनी मान डोलावली. मग पंखा बंद केला, म्हणजे टेबल हलू नये. कोंबड्या हाकलल्या. खोबरे खवणाऱ्या विहिणीला हात थांबवायला सांगितले. आणि बटणावर बोट ठेवून, डोळे मिटून, स्वतःच गाऱ्हाणे घालू लागले: "बा देवा म्हाराजा, ही जी काय तबकडी आज तुझ्या लेकरान फिरवूक घेतल्यान हा, तिका फिरव रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," स्वयंपाकघरातून विहीण म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"चुकला माकला तर लेकरार राग धरू नको रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," मीही म्हटले. आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकवलेल्या बाईने हे म्हणावे की नाही, याचा विचार मी त्या क्षणी केला नाही.

तबकडी फिरली. पहिले वर्ष पलीकडे गेले. मी ते नव्या संगणकावर उघडून पाहिले. माड दिसले. दुसरे गेले. तिसरे गेले. वडिलांच्या हयातीतली वर्षे एकामागून एक जात होती, आणि आम्ही तिघेही श्वास रोखून, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहावे तसे उभे होतो. मग टक झाले. व्याह्यांनी डोळे मिटले. आणखी दोन वर्षे गेली. टक, टक. मग एक लांब खरवडल्यासारखा आवाज, आणि मग काही नाही. बाहेर समुद्राचा आवाज तेवढा होता, आणि तो नेहमीपेक्षा जवळ वाटला.

रिळाच्या कॅमेऱ्याची बहुतेक वर्षे वाचली. अलीकडची वर्षे फोनमध्ये होती. मधली सगळी गेली. माझी मुलगी त्या घरात आली ते वर्ष त्या मधल्यांत होते. त्या पौर्णिमेला तिला फोटोतून बाजूला व्हायला सांगितले होते आणि ती ऐन वेळी हसत मध्ये आली होती, असे व्याही नेहमी तक्रारीच्या सुरात सांगत. त्या संध्याकाळी त्यांनी तक्रार केली नाही.

अभियंता दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मध्यम वयाचा, घामाने डबडबलेला, सौजन्यशील माणूस. व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कचेरीची शुद्ध मराठी तयार ठेवली होती. "साहेब, सदर छायाचित्रे एकाच पायरीवरून घेण्यात आलेली आहेत," इथवर ती टिकली. आम्ही आदल्या संध्याकाळी छापून आणलेल्या फोटोंतला पहिला अभियंत्याने पाहिला. अंगण, त्यापुढे माड, त्यांच्यामागे माड, त्यांच्याही मागे माड. तो फोटो हातात धरून पायरीवर उभा राहिला आणि समोर पाहू लागला. मग पुन्हा फोटोकडे पाहून म्हणाला, "काका, यात समुद्र कुठे आहे?"

 शुद्ध मराठी व्याह्यांना सापडेना.

"तेव्हा तो दिसत नव्हतो, साहेब," ते म्हणाले. "नुसतो आयकाक येई."

 अभियंत्याने टेप काढला, त्याचे टोक पायरीशी धरायला व्याह्यांना सांगितले, आणि स्वतः पाण्याकडे चालू लागला. त्याला फार चालावे लागले नाही.

अहवाल गेला आहे. दगड अजून आलेले नाहीत. या पौर्णिमेलाही व्याही पायरीवर उभे राहिले, आणि या खेपेस त्यांनी माझ्या मुलीला आपण होऊन फोटोत बोलावले. "मध्ये रव गो, जरा डावीकडे. माडाक टेकून." ती टेकली. तो फोटो आता चार ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी तो मी स्वतः उघडून पाहिला आहे. तरी अजून, वाऱ्याची दिशा बदलली की त्यांचा फोन येतो. तो हवामानाबद्दल असतो, अर्थिंगबद्दल असतो, कधी नुसता असतो. मी पूर्वी त्यांना सांगत असे की इतके भिऊ नका. हल्ली सांगत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे. रोजच्या कामाला एसएसडी घ्यावी, कारण ती वेगवान असते. पुष्कळ फोटो दीर्घकाळ ठेवायचे असतील तर साधी फिरती डिस्क पुरेशी आहे, आणि स्वस्तही पडते. एक घेऊ नये. दोन घ्याव्यात, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या, आणि त्या दोन घरांत ठेवाव्यात. कोणत्या कंपनीची, हे मला सांगता येणार नाही. सगळ्याच कधीतरी बंद पडतात. यापलीकडे माझ्या शब्दावर विसंबू नये, ही वाचकांना विनंती. आपण जे उतरवून ठेवले आहे असे समजता, ते काढा, मूळ संगणक बंद ठेवा, दुसऱ्याच एखाद्या यंत्राला ते जोडा, आणि सर्वांत जुना फोटो स्वतः उघडून पाहा.